माझ्या नावावरच्या आठ खोल्या

भाड्याच्या खोल्या म्हणजे बसल्या जागी पैसा, असं जो कुणी पहिल्यांदा म्हणाला असेल त्याला मला एकदा लोणखेड्याला बोलवायचंय. ऐन मे महिन्यात बोलवीन आणि आमच्या सेप्टिक टँकचं झाकण त्याच्याच हातानं उघडायला लावीन. मग बघू किती वेळ बसतो ते. कालचीच गोष्ट सांगते. सहा नंबरच्या खोलीतल्या मुलीनं मोबाइलवर मेसेज टाकला, "आंटी, नळ लीक होतोय." मी जिना चढून वर गेले, तर नळ धो धो वाहतोय, खाली साधी बादली नाही, आणि ही बया पलंगावर बसून नखं रंगवतेय! चार शब्द ऐकवले, खाली जाऊन पाना आणला, वायसर बदलला आणि पाच मिनिटांत नळ बंद केला. ती तोंडाचा आ करून बघत राहिली. "आंटी, तुम्हाला हे येतं?" म्हणे. अगं, मला हे तुझ्या आईच्या जन्माआधीपासून येतं. आता गुडघे दुखतात, जिन्याला मधे एकदा बसावं लागतं, पण पाना अजून माझ्याच हातात आहे, आणि तो माझ्या हातात कसा आला ते मला एकदा नीट लिहून ठेवायचं आहे. आमच्या भावकीत या गोष्टीचं भलतंच काहीतरी सांगितलं जातं.

आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्यापासून जवळच. घरात आम्ही गुजरी बोलायचो, बाजारात अहिराणी, आणि मराठी फक्त शाळेत. माझे वडील, म्हणजे आबा, रागावले की घरातसुद्धा अहिराणीवर यायचे, आणि त्यांचं जे बोलणं मला आठवतं ते बहुतेक रागावलेलंच आहे, म्हणून इथं ते तसंच लिहिते. घर मोठं, आबा धरून तिघं भाऊ, तिघांच्या तीन चुली, पण जमीन एकत्र. केळी, ऊस, कापूस. पहाटे नदीवरच्या पंपाचा आवाज सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत, आणि तो बंद पडला की घरातली सगळी माणसं एकदम बोलायची थांबत, कारण पंप बंद म्हणजे आबा वैतागून घरी येणार. केळीच्या गाड्या भरायच्या दिवशी अंगणभर चिकाचा वास असायचा आणि आमच्या सगळ्यांच्या कपड्यांना काळे डाग. माय म्हणायची, या घरात पांढरा कपडा म्हणजे फक्त आबांचा रुमाल. तो रुमाल मात्र दुधासारखा पांढरा हवा, कारण आबांना घोड्यांचा नाद होता आणि रुमालाशिवाय घोड्याचा सौदा होत नाही.

हे न पाहिलेल्यांसाठी सांगते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं धरून भाव सांगतात. बाजूला शंभर माणसं उभी असोत, कुणाला काही कळत नाही. सौदा पटला की हात दाबतात आणि झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. त्या दाबलेल्या हातापासून मागं फिरणारा माणूस पुढच्या वर्षी यात्रेत तोंड दाखवू शकत नाही. आबा या गोष्टीचा फार अभिमान बाळगायचे. आयुष्यात एकदाही मी हात फिरवला नाही, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलंय.

लोणखेडा शहाद्याला लागून. कॉलेजं झाली तशी तिथं खोल्यांना मागणी आली. एका वर्षी केळीला चांगला भाव मिळाला, तेव्हा आबांनी तिथं प्लॉट घेतला आणि वर-खाली चार चार अशा आठ खोल्या काढल्या. पैसा गुंतवायचा म्हणून घेतलं, राहायला नव्हे. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय नशीब! पण बांधकाम आबांनी शेतातली विहीर बांधावी तसं घाईत उरकलं होतं. गच्चीला उतार उलटा, पाणी पन्हाळीकडे जाण्याऐवजी जिन्याकडे यायचं. आठ खोल्यांना एकच मीटर, त्यामुळे बिल आलं की आठही खोल्यांत भांडण. बोअरची मोटर दर पंधरा दिवसांनी हवा धरायची. भाडेकरू पोरं भिंतीला खिळे ठोकून ठोकून पोपडे काढायची आणि स्टोव्हच्या धुरानं छत काळं करून परीक्षेनंतर निघून जायची. आबा महिन्यातून एकदा भाडं घ्यायला यायचे, वीस तक्रारी ऐकायचे आणि "बघू" म्हणून परत जायचे.

मी बारावी झाले तेव्हा गावात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. पण आबांना लोणखेड्याला घरचं माणूस हवं होतं, माझा थोरला भाऊ दिलीप तिथं राहायला तयार नव्हता, आणि पगारी माणूस परवडत नव्हता. मग निघाला तोडगा. विमल कॉलेजला जाईल, एक नंबरच्या खोलीत राहील, खोल्यांवर लक्ष ठेवील. सोबतीला फुई. फुई म्हणजे आबांची थोरली बहीण, विधवा, मूल नाही, तरुणपणीच माहेरी परत आलेली. घरात तिला काम पुष्कळ होतं आणि विचारत कुणी नव्हतं. अशा दोन बिनपगारी बायका आबांनी एका टेंपोत बसवल्या, सोबत दोन पोती ज्वारी, एक पलंग, एक चूल, आणि आम्ही लोणखेड्याला आलो. मी शिकले ती अशी, फुकटची राखणदार म्हणून. मला त्याचं दुःख नाही. कारण काहीही असो, दार उघडलं होतं.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चवदार वर्षं. सकाळी फुईच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लसूण घातलेला ठेचा. हिवाळ्यात ती गच्चीच्या कोपऱ्यात कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायची, आणि त्या वासानं आठही खोल्यांतून डोकी बाहेर यायची. उन्हाळ्यात अख्ख्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडलेले, आणि फुई हातात काठी घेऊन कावळ्यांना अस्सल शिव्या देत बसलेली. गावी मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. इथं ती मोठमोठ्यानं, तेही अहिराणीत, बोलायला लागली. भाडं चुकवणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची, काही न बोलता. दहा मिनिटांत पैसे हातात.

घर सांभाळायला मला युसूफचाचांनी शिकवलं. ते शहाद्याचे मिस्त्री, वय झालेलं, दम लागायचा, म्हणून ते गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि काम माझ्याकडून करून घ्यायचे. "बेटी, ओल जिथं दिसते तिथं शोधू नकोस. वर चढ, पाणी कुठून चाललंय ते बघ." मी घमेली वाहिली, विटांचे तुकडे पसरले, गच्चीचा उतार फिरवून घेतला. मोटरीत पाणी भरून हवा कशी काढायची, फ्यूज कसा बांधायचा, गळक्या सांध्याला दोरा कसा गुंडाळायचा, सगळं शिकले. प्रत्येक खोलीला वेगळा मीटर बसवला आणि भांडणं एका महिन्यात बंद झाली. कॉलेजातल्या मुली हसायच्या, विमलच्या नखांत सिमेंट असतं म्हणून. असू दे की! त्या वर्षीच्या पावसात आमच्या गच्चीतून एक थेंब खाली आला नाही, आणि मी पावसात गच्चीवर उभी राहून ओरडले होते, कुणी नव्हतं बघायला तरी.

वरच्या दोन खोल्या मी धडगावकडच्या मुलींना दिल्या. डोंगरातल्या पावरा आदिवासी मुली, घरची पहिलीच पिढी शिकणारी. त्यांतली रायकी माझ्याच वर्गात होती. तिला लोणखेड्यात कुणी खोली देत नव्हतं. नावगाव विचारलं की "आत्ताच गेली हो खोली" असं उत्तर. दिलीपनंही नाक मुरडलं. मी म्हटलं, भाडं वेळेवर येतंय, भिंतीला एक खिळा नाही, तुला अजून काय पाहिजे? त्या मुली माझ्या सगळ्यात चांगल्या भाडेकरू होत्या, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगते.

मी शेवटच्या वर्षाला होते. सारंगखेड्याची यात्रा झाली आणि चारच दिवसांनी दिलीप एका माणसाला घेऊन आला. शहाद्याचे सळईचे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातून किल्ली काढून भिंतीवर ठकठक करत फिरायला लागले. "इथं पोकळ आहे. ही तर चीर. गच्ची तर गेलेलीच असणार." माझ्या गच्चीला गेलेली म्हणाला तो माणूस! मी म्हटलं, "कुठं गळतं ते दाखवा. बोट ठेवून दाखवा." शेठ दिलीपला म्हणाले, "बहीण तिखट आहे." आणि टेप लावून खोल्यांची मापं घ्यायला लागले. न विचारता मुलींच्या खोलीतही शिरले. रायकी पुस्तक छातीशी धरून भिंतीला चिकटून उभी राहिली. मग दिलीपकडून मला कळलं की घर विकलं गेलंय. यात्रेत, घोडीच्या सौद्यासारखं, रुमालाखाली. दिलीपला सुरतेत दुकानाचा गाळा घ्यायचा होता, तिथं भाव दुपटीनं चढतो असं त्याला कुणीतरी भरवलं होतं. बयाणा घेऊन झाला होता. शेठना रिकामं घर हवं होतं, महिन्याच्या आत, पाडून लग्नाचा हॉल बांधायला.

"आणि मी?" मी दिलीपला विचारलं. "तू काय? घरी. माणसं बघून ठेवलीत तुझ्यासाठी." "परीक्षा?" "देशील बाहेरून." शेठ गेल्यावर रायकी खाली आली आणि मला शांतपणे म्हणाली, "विमल, आम्ही परीक्षेच्या आधी निघायचं का नंतर? म्हणजे घरी निरोप धाडायला बरं." तिनं तक्रार केली असती तर मी कदाचित रडले असते. तिनं तसं विचारल्यावर माझं डोकंच तापलं.

आठवड्यानं दिलीप पुन्हा आला आणि माझा शाळा सोडल्याचा दाखला मागायला लागला. दोन फोटो पण दे म्हणाला. कशाला, तर कागदाला लागतो. घर आबांचं, विकणार आबा, आणि दाखला माझा कशाला? दिलीप उडवाउडवी करायला लागला. तेव्हा चुलीपुढून फुई म्हणाली, "सांग ना तिले. कागदवर तीच शे." दिलीपचा चेहरा उतरला.

मी पेटीतून घरपट्टीच्या पावत्या काढल्या. दोन वर्षं ग्रामपंचायतीत जाऊन मीच भरत होते. पावतीवर माझंच नाव होतं, आणि मी भोळी, मला वाटायचं की जो पैसे भरायला येतो त्याचं नाव लिहीत असतील! नावापुढं "अ.पा.क." असं लिहिलेलं असायचं, ती मी कारकुनाची सही समजत होते. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. कारकून हसत म्हणाला, "अज्ञान पालनकर्ता. प्लॉट घेतला तेव्हा तू लहान होतीस, म्हणून पालनकर्ते वडील. आता सज्ञान झालीस, आता फक्त तू." उतारा घेतला. तिथंच बाकड्यावर बसून तीनदा वाचला.

आबांनी असं का केलं असेल हे समजायला मला फार डोकं लावावं लागलं नाही. जमीन तिघा भावांत एकत्र होती. प्लॉट स्वतःच्या किंवा दिलीपच्या नावावर घेतला असता तर काकांनी हिस्सा मागितला असता. पोरीच्या नावावर ठेवलं की कुणाचं लक्ष जात नाही. पोरीकडून काय, केव्हाही काढून घेता येतं, सही कर म्हटलं की करते. आमच्याकडे पैसा लपवायला यापेक्षा सुरक्षित जागा कुणाला माहीत नव्हती. चूक फक्त एवढीच झाली की त्यांनी मला त्याच घराची राखणदार केलं.

मला लपूनछपून काही करायचं नव्हतं. रविवारी मी गावी गेले. आबा जेवायला बसले होते, माय वाढत होती. मी समोर बसले आणि सांगितलं, "आबा, मी सही करणार नाही." माय वाढता वाढता थांबली. आबांनी आधी ऐकलंच नाही असं केलं. भाकर मोडली, ठेच्याला लावली, खाल्ली. मग म्हणाले, "आंडेरना नाववर शे म्हनजे आपलंच शे. तुले काय करनं शे? सही कर नि मोकळी व्हय." आंडेर म्हणजे मुलगी.

"तुमचं होतं तर तुमच्या नावावर का नाही ठेवलं?"

"डोकं फिरी गयं का तुन्हं? मी रुमालखाले हात दिधा शे. शहाद्याना माणूसले हात दिधा शे!"

"हात तुम्ही दिलात. घर माझं आहे."

इतकं सरळ बोलणं त्या घरात कुठल्या मुलीनं आबांशी केलं नव्हतं. मला आत कुठंतरी भारी वाटत होतं, हेही सांगून टाकते. आबा ताटावरून उठले. मारतील असं वाटलं, पण मारलं नाही. एवढंच म्हणाले की मंगळवारी शहाद्याला यायचं, फुईलाही घेऊन यायचं, ओळख द्यायला माणूस लागतो. मी नाही म्हणाले ते त्यांनी मोजलंच नव्हतं. चारचौघांत नेली की करेल, असा हिशोब. मायनं निघताना माझ्या पिशवीत बिबडे घातले आणि दारात हळूच म्हणाली, "जेवून जात जा गं, उपाशी भांडू नये." ती कुणाच्या बाजूनं होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मंगळवारी नोंदणी कार्यालयाबाहेर, कडुनिंबाखाली दस्त लिहिणाऱ्याच्या टेबलाभोवती आम्ही सगळे उभे. स्टँप पेपर आलेले, दस्त टाइप झालेला, शेठनी पेढ्यांचा पुडा पण आणला होता. दस्त लिहिणाऱ्यानं माझ्यापुढं पेन धरलं. मी म्हटलं, "साहेबांसमोरच करीन." चार पावलांवर साहेब बसलेत, काय फरक पडतो, म्हणून सगळे आत निघाले. मला मात्र ते सरकारी माणसापुढं एकदा स्पष्ट बोलायचं होतं, कागदावर येईल अशा ठिकाणी.

साहेब कंटाळलेले होते. मान वर न करता विचारलं, "हे खरेदीखत राजीखुशीनं लिहून देताय?"

"नाही," मी म्हटलं.

साहेबांनी मान वर केली. दिलीपनं माझं मनगट धरलं. "लाजते हो साहेब, घाबरलीय." मी हात सोडवून घेतला आणि मोठ्यानं सांगितलं, "घाबरले नाही. घर माझं आहे, मला विकायचं नाही, आणि मला इथं न विचारता आणलंय." कार्यालयातली टाइपरायटरं थांबली. शेठ आबांकडे वळून हसले, "काय आबा, दुसऱ्याच्या दावणीची घोडी विकायला काढली होती का?" आबांचा चेहरा इतका लाल झाला की मला वाटलं, आता हे इथंच पडतात. आणि खरं सांगते, त्या एका क्षणाला मी डगमगले. सही करून टाकावी, सगळं मिटवून टाकावं, असं वाटलं. पेन टेबलावर होतं. दिलीप ते माझ्या बोटांत कोंबत होता.

तेव्हा मागून फुई पुढं आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, माले एक इचारनं शे. मी आठेच अंगठा दिधा व्हता, बापनी जमीन भाऊस्ले सोडी दिधी तवय. तो अंगठा परत भेटस का?"

याच कार्यालयात तिनं अंगठा दिला होता, मला हे ठाऊक नव्हतं. तीन वर्षं एका चुलीवरचं जेवलो, तिनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. साहेब जरा गडबडले. म्हणाले, "नाही आजी. एकदा दिला की दिला. परत नाही मिळत."

"मंग हिले सोडा," फुई म्हणाली.

आबा फुईकडे बघत होते. त्या अंगठ्याच्या जमिनीत त्यांचाही हिस्सा होता, ती केळी आम्ही सगळ्यांनीच खाल्ली होती. साहेबांनी कागद सरकवून परत दिले आणि पुढच्याला बोलावलं. दिलीपनं पेन जमिनीवर आपटलं. बाहेर आल्यावर आबांनी शेठना एवढंच सांगितलं की बयाणा दुप्पट परत मिळेल, आठ दिवसांत. आम्हा दोघींना जीपमध्ये घेतलं नाही. शहादा ते लोणखेडा आम्ही चालत आलो. फुईच्या चपलेचा अंगठा तुटला, तरी ती अनवाणी चालत होती आणि रस्ताभर दिलीपच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, त्या पिढ्या तिच्याही होत्या हे विसरून. मी हसत होते आणि रडतही होते. दारात रायकी उभी होती. मी तिला म्हटलं, "परीक्षेचं बघ. कुणी कुठं जाणार नाही."

बयाणा दुप्पट परत करायला आबांनी त्यांची लाडकी घोडी विकली. यात्रेत नाही, घरूनच, आणि कमी भावात. पुढच्या वर्षी ते यात्रेला गेले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. पण त्यांचा हात आणि माझं घर यांतलं एकच काहीतरी वाचणार होतं, आणि हात देताना त्यांनी मला विचारलं नव्हतं. भावकीत म्हणतात की विमलनं बापाला भर कार्यालयात नागवं केलं. म्हणोत. त्यातला एकही माणूस माझ्या गच्चीवर घमेलं घेऊन चढला नव्हता.

आबांनी निरोप धाडला, आजपासून त्या घराला मी एक वीटसुद्धा देणार नाही. मी उलट निरोप धाडला, नका देऊ. ज्वारीची पोती बंद झाली. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी पदवी घेतली, शाळेत नोकरी धरली, खोल्यांच्या भाड्यातून मोटर नवी घेतली, रंग काढला. लग्न पुढं झालं, माझ्या वेळेला, माझ्या पसंतीनं, आणि नवरा माझ्या घरी राहायला आला. तो वेगळा तमाशा. फुई शेवटपर्यंत एक नंबरच्या खोलीत राहिली.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये आमच्या गावचा एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन दारात आला. कॉलेजला नाव घातलं होतं, खोली हवी होती. आबांनीच पाठवलंय म्हणाला आणि खिशातून चिठ्ठी काढून दिली. अक्षर आबांचं होतं, शाळेत चौथीपर्यंत शिकलेलं, वाकडंतिकडं. वर पत्ता: "घरमालकीण विमलबाई यांस, मु. लोणखेडा." खाली: "आपल्याकडे खोली रिकामी असल्यास या गृहस्थांच्या मुलास द्यावी. मुलगा चांगला आहे. कळावे." बस. ना खुशाली, ना आशीर्वाद. आयुष्यात आबांनी मला कधी "आपल्याकडे" म्हटलं नव्हतं. मी ती चिठ्ठी उभ्या उभ्या कितीदा वाचली कोण जाणे, तो माणूस बिचारा घाम पुसत उभा होता. फुईनं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती पाणी आणायला आत गेली.

मी त्या माणसाला पाच नंबरची खोली दाखवली. मोटरीची वेळ सांगितली, भिंतीला खिळा ठोकायचा नाही हे सांगितलं. त्याला वाटलं, आबांची चिठ्ठी आहे म्हणजे भाड्याचं नंतर बघू. मी म्हटलं, "दोन महिन्यांचं आगाऊ द्यावं लागेल, काका. सगळ्यांना तोच नियम आहे." त्यानं दिलं. मी पावती फाडली आणि खाली सही केली.